आमच्याकडे हे फुकट आहे

रत्नागिरीच्या माणसाला निसर्ग दाखवायला नेणं हे तसं जोखमीचं काम. त्याच्या दाराशी समुद्र, परसात माड-पोफळी. आणि मागल्या आगरात बिबट्या विहिरीत पडला, तर बघायला जायचं की नाही हे त्या दिवशी चांगली मासळी आली आहे की नाही यावर ठरतं. अशा माणसाकडून माणशी पैसे घ्यायचे, त्याला घाट चढवून परजिल्ह्यात न्यायचं, तळ्याकाठी कापडाच्या खोलीत जमिनीवर झोपवायचं आणि सकाळी विचारायचं, ‘कसं वाटलं?’ हे धाडस आमच्या भाच्यानं केलं. भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. वर्षभर खुर्चीत बसून त्याला निसर्गाची ओढ लागते आणि ती ओढ तो आमच्यावर काढतो.

बेत असा होता: बामणोलीला कोयनेच्या तळ्याकाठी, म्हणजे शिवसागराच्या काठी, तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी लाँचनं पलीकडे जाऊन, कोयना अभयारण्यातून वासोट्याचा किल्ला चढायचा. मंडळी म्हणजे मी, बायको, ताई, भाऊजी, भाचा आणि शेजारचे अण्णा. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. पण गाडीत एक जागा रिकामी आहे हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

पहिला खटका भूगोलावरून उडाला. भाच्यानं मोबाइलवर नकाशा काढला आणि अण्णांनी चष्मा. वासोट्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा तुटतो आणि कोकण सुरू होतं. त्या कड्याखाली चोरवणे. चोरवणे खेड तालुक्यात. खेड रत्नागिरी जिल्ह्यात.

“म्हणजे,” अण्णा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “चिपळूण, कुंभार्ली, पाटण, सातारा, कास असा दोनशेच्या वर किलोमीटरचा वळसा घ्यायचा, पैसे भरायचे, धापा टाकत चढायचं, आणि वर जाऊन बघायचं काय, तर आपलाच जिल्हा?”

“वरून वेगळा दिसतो, अण्णा.”

“वरून माझं टक्कलही वेगळं दिसतं. ते बघायला कोण माडावर चढत नाही.”

चोरवण्यातून नागेश्वराच्या वाटेनं सरळ वर चढता येतं, हे सांगायलाही अण्णा विसरले नाहीत. ‘येतं ना, ज्याला चढता येतं त्याला येतं,’ असं म्हणून भाऊजींनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि वळसा मंजूर झाला.

दुसरा खटका पाण्यावरून. अण्णांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. त्यामुळे कोयनेचं पाणी हे त्यांचं घरचं पाणी. कुंभार्ली घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, अण्णा पाचव्या. धरणाची उंची १०३ मीटर. तळ्यात १०५ टीएमसी पाणी. त्यातलं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी डोंगराच्या पोटातून खाली पोफळीला, टर्बाइन फिरवून वाशिष्ठीत. “चिपळूणच्या पुलावर उभं राहा, हेच पाणी फुकट बघायला मिळतं. ते बिचारं आपल्या पायानं तुमच्या भेटीला खाली येतंय, आणि तुम्ही त्याला गाठायला वर चाललात!” मग १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली भरल्या तळ्याला खालून भोक कसं पाडलं, याची सविस्तर हकीकत झाली.

“मग गळत नाही का हो?” ताईनं विचारलं.

“गळावं म्हणूनच पाडलं,” अण्णा म्हणाले आणि पाटण येईपर्यंत ताईशी बोलले नाहीत. तेवढाच तिचा प्रवास सुखाचा झाला.

सामानाबद्दल सांगायला हवं. पॅकेजमध्ये संध्याकाळची भजी, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, सगळं होतं. पण ‘तिकडे काय मिळतंय कुणास ठाऊक’ या एका वाक्यावर रत्नागिरीची बाई आख्खं स्वयंपाकघर उचलून नेऊ शकते. घावन, ओल्या नारळाची चटणी, सुकट, खोबऱ्याच्या वड्या, आमसुलं, आणि कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्यांतून सोलकढी. प्रत्येक जिन्नस एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती फुटली तर असू दे म्हणून वर तिसरी. सगळं आलं. स्वेटर मात्र आले नाहीत, कारण ते मुळात घरातच नव्हते. आमच्याकडे थंडी पडली असं म्हणतात तेव्हा पंखा पाचावरून दोनावर आणलेला असतो. भाऊजींकडे बद्रीनाथच्या यात्रेतली माकडटोपी होती. ती कासचं पठार लागताच त्यांनी चढवली आणि परत रत्नागिरीच्या हद्दीत शिरेपर्यंत उतरवली नाही. दोन दिवसांच्या फोटोंत एक अनोळखी इसम सगळीकडे आमच्यासोबत फिरताना दिसतो, ते भाऊजी.

तंबूवाला तिथलाच, पंचविशीचा, हसरा पोरगा. त्यानं आम्हाला तीन-तीन माणसांचे दोन तंबू दिले. हे मोजमाप करताना तंबू बनवणाऱ्यांनी कुठली तीन माणसं घेतली होती हे कळायला मार्ग नाही. बहुधा अजून शाळेत जात असावीत. शिवाय तंबूत उभं राहता येत नाही, बसता येत नाही, नुसतं शिरता येतं. मी डोक्याकडून शिरलो. आत गेल्यावर लक्षात आलं की वळायला जागा नाही. तसाच मागे सरकत बाहेर आलो आणि पायांकडून शिरलो, तर डोकं बाहेर राहिलं आणि चेन लागेना. भाऊजी शहाणे. त्यांनी आधी दारातच बैठक मारली आणि मग भाच्याला सांगितलं, “आता हळूहळू मला आडवा कर.”

“आमच्याकडे गोठ्याचं दार याहून उंच असतं,” अण्णा म्हणाले.

शेजारी दहा-बारा पोरापोरींचा घोळका उतरला होता. शहराच्या गोंगाटाला कंटाळून आलोय, असं त्यांनीच सांगितलं. येताना गोंगाट बरोबर आणला होता, स्पीकरमधून. त्यातली एक मुलगी तळ्याकडे पाठ करून मोबाइलपुढे उभी होती आणि स्पीकरच्या वर आवाज चढवून ओरडत होती, “गाइज, इथे इतकी शांतता आहे ना!” तीन वेळा ओरडली. चौथ्यांदा भाऊजी कडेनं माकडटोपी घालून गेले, तेव्हा तिनं तो नाद सोडला.

रात्री जेवणात मासा आला. इथे तंबूवाल्याची चूक नाही. समोर कुठली माणसं बसली आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो कौतुकानं म्हणाला, “तळ्यातला हाय काका, आत्ता जाळ्यातनं काढलाय.”

आमच्यात एकदम शांतता पसरली. ताईनं ताट दिव्याकडे सरकवलं. काट्याची ठेवण पाहिली. बोटानं दाबून पाहिलं.

“ताजा आहे,” तिनं निकाल दिला. “पण गोड्या पाण्यातला.”

“मीठ नाही त्याच्या अंगात,” भाऊजी म्हणाले.

“वाहत्या पाण्याचा नव्हे, साठल्या पाण्याचा,” अण्णांनी भर घातली. “गेली साठ वर्षं साठलेल्या.”

मग सुरमई, मोरी, सौंदाळे, बांगडा या क्रमानं आठवणी निघाल्या. मिरकरवाड्याच्या जेटीवर गेल्या रविवारी काय भावानं काय मिळालं याचा तपशील निघाला. तोवर ताटं साफ झाली होती. भाऊजींनी आणखी दोन तुकड्या मागवल्या. पहिल्यांदा चव नीट कळली नव्हती म्हणाले. तिसऱ्यांदाही त्यांना नीट कळली नाही.

शेकोटीपाशी गाण्यांच्या भेंड्या व्हाव्यात अशी बायकोची इच्छा होती. पण अण्णांनी भूकंप काढला. ११ डिसेंबर १९६७. पहाटेची वेळ, माणसं झोपेत. अशीच थंडी. “अजूनही या भागात बारीकसारीक धक्के येतात बरं का. पण घाबरायचं कारण नाही. घर पडलं तर माणूस सापडतो. तंबू पडला तर काही लागत नाही.” दोन दिवसांत अण्णांनी तंबूच्या बाजूनं काढलेला हा एकुलता एक चांगला शब्द.

झोपताना भाच्यानं माहिती पुरवली की समोरचं जंगल २०१० सालापासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आणि वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. ही माहिती दिवसाउजेडी दिली असती तरी चाललं असतं.

मध्यरात्री जमीन थरथरली. मी ताडकन उठून बसायला गेलो आणि कपाळ तंबूच्या काठीवर आपटलं. “अहो, झोपा,” बायको म्हणाली, “भूकंप नाही, अण्णा घोरतायत.” अण्णा पलीकडच्या तंबूत होते.

त्यानंतर थोड्या वेळानं कुणीतरी तंबूवर नखानं ओरखडलं. हे भाऊजी. त्यांना बाहेर जायचं होतं आणि एकट्यानं जायचं नव्हतं. स्वच्छतागृह आंब्याच्या झाडापलीकडे, चढावर. दोघांनी जाण्यात धोका वाटला म्हणून मी भाच्याला उठवलं. मागे राहण्यात धोका वाटला म्हणून बायका निघाल्या. अण्णा आतून म्हणाले, “या जाऊन. मी सामान बघतो.” तीन टॉर्चच्या उजेडात आमची वरात निघाली. आंब्याशी पोचतो न पोचतो तोच अंधारात दोन डोळे लकाकले. मोठे. आमच्याहून उंच. मग एक दीर्घ उच्छ्वास ऐकू आला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. भाऊजींचं काम तिथेच होणार अशी चिन्हं दिसू लागली, तेवढ्यात मागून तंबूवाल्याचा झोपाळलेला आवाज आला, “काका, टॉर्च नगा मारू तिच्या डोळ्यात. आमची म्हस हाय ती.”

सकाळी पोह्यांच्या वेळी तो गवा झाला होता.

तंबूच्या आतून पाणी ठिबकत होतं. पाऊस नव्हता. आम्हीच रात्रभर श्वास घेतला, त्याचं दव झालं होतं. दात वाजत बाहेर आलो तर शिवसागरावर धुकं पसरलेलं, पलीकडचे डोंगर एकामागून एक फिकट होत गेलेले, आणि ऊन नुकतं त्यात शिरत होतं. भाचा काही न बोलता आमच्या तोंडांकडे बघत उभा राहिला. कुणीच काही बोलेना. ताईच्या तोंडून ‘वा’ निघणार होतं. मी पाहिलं, ओठांचा आकार झाला होता. सगळं हातचं जायची वेळ आली तेव्हा अण्णा धावून आले. म्हणाले, “भाट्याच्या खाडीवर असंच असतं.” आम्ही सुटलो. पोहे खाल्ले. (पोह्यांत ओलं खोबरं नव्हतं, याची तिथे नोंद झाली.)

लाँचमध्ये लाइफ जॅकेटं घातली. भाऊजींच्या जॅकेटाचा पट्टा त्यांच्या पोटापाशी येऊन संपला. दुसरं जॅकेट आणून त्याचा पट्टा याला जोडला, तेव्हा ते सुरक्षित झाले. तास-सव्वा तासाचा पाण्यातला प्रवास. या पाण्याखाली गावं आहेत. जिथं उतरायचं त्या मेट इंदवलीचंही नाव उरलंय, गाव उठलंय. एवढं सांगून अण्णा पहिल्यांदाच गप्प बसले, आणि त्यावर कुणी ‘आमच्याकडे’ म्हटलं नाही.

चौकीवर प्लॅस्टिकची मोजणी असते. वर नेताना बाटल्या-पिशव्या मोजून लिहून घेतात, अनामत ठेवायची, आणि उतरल्यावर तेवढ्याच दाखवायच्या. चोख व्यवस्था आहे, आणि इतर मंडळींचा हिशेब अर्ध्या मिनिटात होत होता. मग वनरक्षकानं ताईची पिशवी उघडली. त्यात पिशवी. त्यात पिशवी. त्यात घावन.

“ताई, एकूण किती?”

“मोजल्या नाहीत हो. लागतात म्हणून असतात.”

त्यानं मोजायला सुरुवात केली. मागे रांग लागली. पुण्याचा एक ग्रुप येऊन उभा राहिला, मग कोल्हापूरचा. विसाच्या पुढे गेल्यावर त्याची गफलत झाली आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. सोलकढीची बाटली हातात घेऊन त्यानं उजेडात फिरवली. “हे काय आहे?” त्याच्या नजरेत संशय होता. ताईनं झाकण उघडून त्याला पेलाभर पाजली, तेव्हा त्यानं ‘पेय, गुलाबी’ असं काहीसं लिहिलं. तेवढ्यात भाऊजी रांग सोडून पुढे झाले आणि रात्री गवा आल्याची रीतसर वर्दी द्यायला लागले.

“काळा होता?” वनरक्षकानं विचारलं.

“काळाकुट्ट.”

“शिंगं?”

“ही एवढी.”

“शेजारी बादली होती?”

भाऊजी रांगेत परत आले.

चढण दाट झाडीतून आहे. सावली भरपूर, पण चढ अंगावर येणारा. उतरणाऱ्यांना ‘अजून किती?’ विचारायचं आणि त्यांनी ‘झालंच, पंधरा मिनिटं’ म्हणायचं ही सह्याद्रीतली जुनी रीत. भाऊजींना तेवढ्यानं समाधान नव्हतं. ते घासाघीस करत.

“अजून किती हो?”

“अर्धा तास, काका.”

“वीस मिनिटांत नाही का होणार?”

“वीसमध्ये... कठीण आहे.”

“बरं, पंचवीस धरा. चला, तुमचं नाही, माझं नाही.” आणि पंचवीस मिनिटं पक्की करूनच ते पुढचं पाऊल टाकत. पुढच्या वळणावर कुणी चाळीस म्हणालं तर त्याच्याशी भांडत, की खालच्याशी आमचं पंचविसात ठरलंय. माझं म्हणाल तर मी भांडलो नाही. मी प्रत्येक दगडाशी थांबून झाडांची पाहणी करत होतो. “मामा, तुला झाडांची एवढी आवड आहे हे माहीत नव्हतं,” भाचा म्हणाला. मलाही नव्हतं. बोलण्याइतका श्वास असता तर तसं सांगितलंही असतं.

वर पोचलो. बिनछपराचं मारुतीचं देऊळ आहे, तिथे सगळ्यांनी पाय पसरले. अण्णा, ज्यांना सगळ्यात कमी दम लागला होता, त्यांनी इतिहास घेतला. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली, तिथले इंग्रज धरले आणि त्यांतले काही या किल्ल्यावर आणून ठेवले. “म्हणजे बघा, रत्नागिरी जिल्ह्यातून वासोट्यावर मुक्कामाला आलेली ही सगळ्यात जुनी पार्टी. राहणं-जेवण सरकारी खर्चानं. पैसे मागितले ते सोडायचे.”

“किती दिवस होते?” बायकोनं विचारलं.

“राजापूरची माणसं १६६३ सालात सुटली.”

भाऊजींनी भिंतीवरची पाटी वाचली होती. गडावर मुक्कामाला आता बंदी आहे, संध्याकाळच्या आत खाली उतरायचं. ते उसासून म्हणाले, “इंग्रजांना जी सोय होती ती आपल्याला नाही.” खाली जायचा विचारच त्यांना सहन होत नव्हता.

मग बाबू कडा पाहिला. जुन्या वासोट्याच्या बाजूचा तो वळणदार कातळ बघताना पोटात खड्डा पडतो. आणि मग पश्चिमेची बाजू, जिथं जमीन संपते आणि खूप खाली, उन्हात पिवळं-हिरवं कोकण पसरलेलं दिसतं. दोनशे किलोमीटर फिरून आम्ही आपल्या जिल्ह्याच्या डोक्यावर उभे होतो.

“ते चोरवणे,” भाचा म्हणाला.

“ते नव्हे, ते पलीकडचं,” अण्णा म्हणाले.

“आपलं घर कुठल्या बाजूला येतं?” ताई म्हणाली. मग सगळ्यांनी बोटं दाखवली, सहा दिशांना. त्यावर अर्धा तास वाद झाला. मागे किल्ला होता, शेजारी बाबू कडा होता, माथ्यावर घार फिरत होती. आम्ही सगळे रत्नागिरी शोधत होतो, जी तिथून दिसत नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बामणोलीत मेलेली रेंज कड्यावर जिवंत झाली होती. रत्नागिरीहून शेजारीण.

“भावजी, नळाला पाणी आलंय. तुमची टाकी भरू का?”

“भरा, भरा! पण वरचा कॉक आधी फिरवा. उजवीकडे. नाही, तुमच्या उजवीकडे नव्हे, टाकीच्या.”

अण्णांनी फोन हिसकावून घेतला आणि सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहून, दोन्ही हात वापरत, आमची टाकी भरून दिली. खाली जाण्याआधी भाच्यानं सगळ्यांचा फोटो काढला. त्यात पाच जण फोनकडे बघत ओरडताना दिसतात.

संध्याकाळी बामणोलीला परत आलो. (पिशव्यांत एक जास्त भरली. कुठून आली कळलं नाही. ताईनं ठेवून घेतली.) सामान गाडीत चढवताना तंबूवाल्यानं विचारलंच, “कसं वाटलं, काका?”

त्याला अर्धा तास सांगत होतो. तंबू बुटका. माशाला मीठ नाही. पोह्यांना खोबरं नाही. थंडी जास्त. डोंगर उंच. म्हशीला रात्री बांधून ठेवत जा. पाणी चांगलं आहे, पण ते आमच्याकडेच येतं. धुकं आमच्याकडेही असतं. समुद्र मात्र इथे नाही, हे एक उणं.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “समुद्र बघितलाय की. मागल्या मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला आलतो.”

“असं? मग?” आम्ही सगळे एकदम पुढे वाकलो.

“काय नाय, बरं होतं. पण पाणी खारट. आमच्याकडं तळ्यातलं तसंच प्यालं तरी चालतं. घाम लई. मासा खाल्ला, काटं लई. आन रात्रभर ते लाटांचं... आवाज बंदच करत नाहीत ओ कोण.”

भाऊजींनी माकडटोपी वर सारून कान मोकळे केले.

“आंबे?” अण्णांनी दबक्या आवाजात विचारलं. “आंबे खाल्लेस ना? हापूस?”

“खाल्लं की. डझनभर नेलं घरी.” पोरगा जरा विचारात पडला. “आमच्या परड्यातला रायवळ जास्त ग्वाड हाय.”

ताईनं डोळे मिटले. अण्णांचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथेच राहिला. चाळीस वर्षं वीजघरात काढलेल्या माणसाला असा धक्का मी कधी बसलेला पाहिला नव्हता. बराच वेळ ते त्या पोराकडे बघत होते. मग खिशातून डायरी काढली, पेन काढलं.

“पत्ता सांग तुझा. मे महिन्यात तुला पेटी पाठवतो. अस्सल. रस्त्याकडेची नव्हे. खा, आणि मग बोल.”

“पाठवा की, काका,” पोरगा खूश झाला.

अण्णांनी पत्ता लिहिला, दोनदा वाचून दाखवला आणि डायरी मिटून म्हणाले, “पैसे तिथं पोचल्यावर दे. पण भाडं आत्ताच दे.”